आखाड्यावरचा गारवा

वैशाखात उमरीच्या शिवारात सकाळ फार थोडा वेळ टिकते. सूर्य वर येतो न येतो तोच ऊन निब्बर होतं. पऱ्हाट्या उपटून रानं मोकळी झालेली असतात, काळ्या मातीला पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि मुदखेडकडून धर्माबादकडे जाणारी रेल्वे दुपारच्या झळांतून येते तेव्हा तिचे डबे रूळ सोडून हवेत तरंगत चालल्याचा भास होतो. या दिवसांत रानात आसरा द्यायला मोजक्याच गोष्टी असतात: बांधावरचा कडुनिंब, विहिरीजवळची चिंच आणि आखाडा.

आखाडा म्हणजे आमच्याकडे रानातलं घर. बैलं, कडबा, अवजारं, सालगड्याचं बिऱ्हाड आणि उन्हाळ्यात निम्मं कुटुंब, सगळं तिथेच. माझ्या मामांचा आखाडा उमरीहून गोरठ्याकडे जाताना रस्त्यापासून बराच आत आहे. गावात लाईन चोवीस तास असते, पण आखाड्यावर येते ती शेतीच्या फीडरची, पाळीपाळीने: कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. लाईन आली की पेटीतला स्टार्टर खट्‌कन ओढतो आणि विहिरीवरची मोटर घुमायला लागते. शेतकऱ्याच्या कितीतरी रात्री त्या एका आवाजाची वाट बघण्यात जातात. मे महिन्यात मात्र विहीर तळाला गेलेली असते, स्टार्टर आपोआप ओढणारा ऑटो स्विच बंद करून ठेवलेला असतो, आणि कधीही जाणाऱ्या त्या विजेवर रात्रीच्या झोपेचा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आखाड्याचा गारवा छपरावरच्या दोन सोलर पॅनलवर आणि एका बॅटरीवर चालतो. एवढ्याशा विजेवर तीन खोल्यांतली माणसं वैशाखाच्या रात्री कशी झोपवायची, याचं एक अख्खं शास्त्र माझ्या मामा-मामींच्या हातात आहे. मला ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण ते कुठल्याच पुस्तकात एकत्र सापडत नाही.

आखाड्यावर एक खोली जुनी आहे, मातीची, आजोबांनी बांधलेली. तिला माळवद आहे आणि तिच्या भिंती हातभर जाड आहेत. बाकीच्या दोन खोल्या अलीकडच्या, पत्र्याच्या. दुपारी दोनला पत्र्याखाली उभं राहिलं तर डोक्यावर ऊन नसूनही टाळू तापते. तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकत असतो. त्याच वेळी माळवदाच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी डोळ्यांना अंधार कळतो आणि मग अंगाला गारवा. रात्री हे सगळं फिरतं. पत्रा घटकाभरात निवतो आणि माळवद दिवसभर प्यालेलं ऊन मध्यरात्रीपर्यंत आत सोडत राहतं. म्हणून दुपार माळवदाखाली काढायची आणि रात्री बाज अंगणात घ्यायची, हा आमच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. वीज नव्हती तेव्हा माणसं घरातल्या घरात मुक्काम हलवत उन्हाळा काढत होती.

आताही मामींचा दिवस त्याच अंगाने जातो. ऊन चढायच्या आत पश्चिमेच्या दाराला ओलं गोणपाट लावायचं. रांजणाखाली रेती ओली ठेवायची. दुपारी एकही खिडकी उघडी राहू द्यायची नाही, कारण बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा तापलेली असते. दिवस कलला की सगळी दारं सताड उघडायची आणि अंगणात हलका सडा टाकायचा. बॅटरीसुद्धा त्यांनी रांजणाच्या कोपऱ्यात, सावलीत ठेवली आहे. बॅटरी विकणाऱ्याने ती जागा सांगितली नव्हती. पण उन्हाच्या तापाने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं हे खरंच आहे, आणि मामींनी ते आपल्या हिशेबाने ओळखलं. "माणसाला जिथं बरं वाटतंय तिथंच तिलाबी बरं वाटंल की," त्या म्हणाल्या.

आणि मग कूलर. साधा, पत्र्याच्या पेटीचा, आत बारा व्होल्टचा पंखा आणि मुठीएवढी मोटर. उन्हाळा सुरू झाला की त्याच्या बाजूच्या जाळ्या काढायच्या, गेल्या वर्षीचं गवत झटकायचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. गवताच्या काड्यांवर पांढरा थर चढलेला असतो, बोटांत घेऊन चुरडला तर खडूसारखी भुकटी होते. तो थर राहिला तर हवा आत येत नाही आणि पंखा नुसता घरघरतो. मामी जुनं गवत अंगणात आपटतात, निम्मं टाकतात, त्यात नवं मिसळून हाताने विंचरतात. कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही असं पसरतात आणि तारेने जाळीला बांधतात. वरच्या पन्हाळीची भोकं एकेक करून सुईने मोकळी करतात, कारण एक भोक बुजलं तर त्याखालची गवताची पट्टी कोरडी राहते आणि तिथून तापलेली हवा तशीच आत घुसते. हे काम मी कितीदा बघितलं असेल. दरवेळी वाटतं, यंत्राची एवढी बारीक सेवा करणारी माणसं आपण 'अडाणी' या शब्दात कशी काय कोंबतो?

या पेटीतला चमत्कार पाण्याचा आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते हवेतून जी उष्णता ओढून नेतं, ती विजेच्या मापात मोजली तर जवळपास दोन-तृतीयांश युनिट भरते. म्हणजे तासाला पाच लिटर पाणी उडवणारा कूलर कागदावर एक टनाच्या एसीइतकीच उष्णता उचलतो. एसीला त्यासाठी हजार वॉटच्या आसपास वीज लागते. मामांच्या कूलरला पंखा आणि मोटर मिळून साठ वॉट पुरतात. बाकीचं काम पाणी करतं.

आखाड्याची बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अ‍ॅम्पियर-अवरची. तिच्यात अठराशे वॉट-अवर मावतात, पण शिशाची बॅटरी रोज निम्म्याखाली नेली तर लवकर मरते, म्हणून हाताशी धरायचे ते नऊशे. एवढ्यात एसी तासभरही चालला नसता. कूलर संध्याकाळी लावला तर कोंबडा आरवेपर्यंत चालतो आणि बॅटरीत दिव्यापुरतं उरतं. शिवाय पॅनलचीही एक खोड आहे. त्याला ऊन हवं असतं पण ताप सोसत नाही. काच तापली की वीज घटते, आणि वैशाखाच्या दुपारी ती घट सहज सातवा-आठवा हिस्सा होते. म्हणजे माणसाला गारव्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच पॅनल मलूल झालेलं असतं. मामा सकाळी उठल्या उठल्या ओल्या फडक्याने पॅनलवरची धूळ पुसतात. कोवळ्या उन्हाची वीज वाया जाऊ द्यायची नाही, हे त्यामागचं कारण.

पण पाणी फुकट नसतं, निदान आमच्या मुलखात तरी नाही. कूलर रात्रभरात तीन-चार घागरी पाणी पितो. एप्रिलपर्यंत ते जाणवत नाही. मे लागला की बोअर घटकाभर धार देतं आणि मग नुसती हवा फेकतं, आणि मामी घागरींची वाटणी लावतात: आधी माणसं, मग जनावरं, मग कूलर. विजेची बचत करणारं यंत्र पाणी खातं आणि पाणी न खाणारं यंत्र वीज खातं. मराठवाड्यात दोन्हींची वानवा एकाच महिन्यात येते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. देशभरच्या बातम्यांत त्या गाडीची चित्रं झळकली. रेल्वेने आलेलं पाणी कूलरमध्ये ओतायला हात धजावला नसता. तहान आणि उकाडा यांत निवड करायची वेळ आली की उकाडा सोसावा लागतो, आणि उकाडाही जीव घेतो. हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

कूलरचं काम चालतं ते हवा कोरडी असेपर्यंत. बेचाळीस अंशांच्या दुपारी हवेत वीस टक्केच दमटपणा असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक चोवीसच्या आसपास थांबतो. कूलरची हवा त्याच्या वर चार-पाच अंशांवर मिळते, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस. वैशाखात एवढं म्हणजे स्वर्गच. पुढे रोहिणी सरते, मिरगाचे वारे सुटतात, हवा ओली होते आणि तोच कूलर, तेच गवत, तेच पाणी असून खोलीत नुसती चिकचिक भरते. आपलं शरीरही त्याच नियमाने चालतं. घाम उडाला की अंग निवतं. हवा दमट असली की घाम नुसता ओघळतो आणि आतली आग आतच राहते. भर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जातो. तेवढं पाणी पोटात गेलं नाही तर रानातच माणूस कोसळतो.

एसीचा जन्म या ओलीशी झगडण्यातून झाला. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. विलिस कॅरियर हा पंचविशीतला इंजिनिअर. त्याने हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातलं पाणी काढून घ्यायची योजना आखली. माणसाच्या सुखासाठी त्या यंत्राचा विचार पुढे झाला, आधी कागदासाठी झाला. तेव्हापासून कूलर आणि एसी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे आहेत. एक हवेला पाणी पाजतो, दुसरा तिच्यातलं पिळून काढतो. एकाला उघडी खिडकी लागते, नाहीतर ओल कोंडते. दुसऱ्याला फटही चालत नाही.

हे दोघं एका रात्री मामांच्या आखाड्यावर समोरासमोर आले.

माझा मामेभाऊ पुण्याला असतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चाकांवरच्या घरांची त्याला ओढ लागली होती. मेच्या सुट्टीत त्याने तशी एक गाडी भाड्याने घेतली आणि वहिनी आणि मुलांना घेऊन थेट आखाड्यावर आणली. आत झोपायच्या जागा, ओटा, छोटा फ्रिज आणि पाऊण टनाचा एसी. खाली लिथियमची बॅटरी, चोवीस व्होल्ट, दोनशे अ‍ॅम्पियर-अवर. आखाड्याच्या बॅटरीच्या अडीचपटीहून अधिक साठा, आणि लिथियम असल्याने जवळपास सगळाच वापरता येणारा. गाडी पोचली भर दुपारी. चिंचेच्या फांद्या खाली आलेल्या, गाडी उंच. ती उन्हातच उभी राहिली. मुलं घामाघूम झालेली. त्याने दारं लावली आणि एसी अठरावर सोडला.

दिवस कलेपर्यंत बॅटरी निम्म्यावर आली आणि आत अजून तीस अंश होते. अठराचा आकडा लावला म्हणून एसी जास्त जोराने थंडी देत नाही. तो फक्त थांबायचं नाव घेत नाही. आणि उन्हात उभ्या गाडीत निववायची असते ती हवा नव्हेच. पत्रा, काच, गाद्या, ओट्याची फळी, सगळ्यांनी दिवसभर ऊन साठवलेलं असतं. हवा थंड केली की ते तिला पुन्हा तापवतात.

मामा गाडीभोवती एक फेरी मारून आले. पत्र्याला तळहात लावून बघितला. "गाडी तापून गेलीय," ते म्हणाले. "आधी निवू दे की तिला. तुझं यंतर बंद कर."

मग जे झालं ते मला फार आवडलं. मामेभावाने वाद घातला नाही. एसी बंद केला, गाडी निंबाच्या पूर्वेच्या अंगाला घेतली, मावळतीच्या उन्हापासून ती झाकली गेली. दारं, खिडक्या, छतावरचं झडप, सगळं उघडलं. गाद्या काढून अंगणात टाकल्या. पुढची काच सगळ्यात मोठी चोर. तिच्यावर मामींनी आतून जाड गोधडी अडकवली आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर ओलं गोणपाट बाहेरून बांधलं. ड्रायव्हरची जागा आणि झोपायची जागा यांत चादर ताणून पडदा केला, म्हणजे एसीला निम्मीच जागा निववायची राहिली. रात्री जेवणं होईपर्यंत गाडीचा पत्रा हाताला गार लागत होता. ताऱ्यांखाली उघडा पत्रा फार लवकर निवतो. आखाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण तेच पत्रे त्यांच्याही डोक्यावर असतात.

चाकांवरच्या घरात कमी विजेवर एसी चालवणारी माणसं जगात जिथे कुठे असतील, त्यांनाही अखेर हेच करावं लागतं: सावली, काचेवर पडदा, जागा लहान, आकडा सव्वीस-सत्तावीसवर, आणि यंत्र उशिरा. विजेचं एकच काम वेगळं. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि त्या एका धक्क्यात लहान इन्व्हर्टर बंद पडतो. त्यासाठी धक्का मऊ करणारं साधन बसवतात, किंवा हळूहळू वेग घेणारा नव्या पद्धतीचा एसी घेतात. या गाडीतला तसाच होता. तो सुरू झालेला कळलासुद्धा नाही.

त्या रात्री आखाड्यावर गारव्याची गरज असलेली आणखी एक खोली होती. सालगड्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ अजून महिन्याचंही नव्हतं. बाळंतीण अंगणात झोपत नाही, माळवदाची खोली रात्री उबते, म्हणून ती पत्र्याच्या खोलीत होती आणि आखाड्याचा एकुलता एक कूलर मामींनी पहिल्या दिवसापासून तिच्या खिडकीला लावला होता. त्याची चर्चा कधी झाली नाही. वारा थेट बाळावर येऊ नये म्हणून कूलरचं तोंड भिंतीकडे, आणि मागची खिडकी मुठीएवढी उघडी. सालगड्याची बायको, तिला मी मावशी म्हणतो, रात्रीतून दोनदा उठून बाळाच्या पाठीखाली हात घालून बघायची, कपडा दमट झालाय का.

त्याआधीचे दोन दिवस वळवाच्या ढगांनी आभाळ भरलं होतं. पाऊस नाही, नुसती धूळ आणि मळभ. पॅनलने पोटभर वीज दिली नव्हती. साडेदहाच्या सुमारास कूलरचा आवाज खाली उतरला. वेग मंदावला, मग पंख्याची पाती एकेक दिसायला लागली. मावशी दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. आखाड्यावर बॅटरी उतरल्याचं कुणाला सांगावं लागत नाही.

वहिनी गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या. दुपारभर त्या बाळाला घेऊन बसलेल्या. त्यांनी मामेभावाला एवढंच विचारलं, "आपली वायर तिथपर्यंत पोचेल का हो?"

मामांनी मोटरीची जुनी वायर काढली. कूलरसोबत आलेला अडॅप्टर कोनाड्यात धूळ खात पडला होता, तो पुसला. गाडीच्या सॉकेटमधून निघालेली वायर अंगणातून, बाजांखालून, बैलांच्या दावणीला वळसा घालून खिडकीपर्यंत गेली. कूलर पुन्हा बोलू लागला.

अकराला मामेभावाने एसी लावला, सत्तावीसवर. निवलेल्या, झाकलेल्या, निम्म्या केलेल्या गाडीत त्याला साडेचारशे-पाचशे वॉट पुरले. दोनला तो बंद केला. त्या वेळेला बाहेरचा वाराच गार झालेला होता. गाडीच्या छोट्या पडद्यावर खर्चाचा आकडा दिसतो. एसीला एका तासाला जेवढी वीज लागली, जवळपास तेवढ्यातच बाळंतिणीच्या खोलीतला कूलर रात्रभर चालला. मामेभाऊ सकाळी तो पडदा मामांना दाखवत होता आणि मामा चष्मा लावून तो नीट वाचत होते.

त्या रात्रीपासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. गारव्याची वीज मोजायची ती खोलीवर नाही, माणसावर. नऊशे वॉट-अवरमध्ये एका खोलीची हौस भागत नाही, पण एका ओल्या बाळंतिणीची झोप भागते, तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याची रात्र भागते, दिवसभर हळदीच्या कढईपुढे उभ्या राहिलेल्या बाईच्या अंगातली आग उतरते. आमच्या नांदेड-हिंगोलीकडे हळद शिजवायचा हंगाम उन्हाच्या तोंडावर येतो. चुलवणाचा जाळ आणि वरचं ऊन यांच्या मध्ये बायाबापड्या उभ्या असतात. त्यांच्यासाठी विसाव्याची एक गार खोली रानात असावी, ही चैन नाही. शहरात दुपारी तीनला ज्या सहजतेने आपण रिमोटचं बटण दाबतो, त्यातली थोडीशी सहजता त्यांच्या वाट्याला यायला काय हरकत आहे?

आणि वीज नाही असंही नाही. विहिरीजवळ मामांनी सरकारी योजनेतून पाच एचपीचा सौरपंप बसवून घेतला आहे. त्याला जवळपास पाच किलोवॉटचे पॅनल आहेत. छपरावरच्या दोन पॅनलच्या कितीतरी पट. हिवाळ्यात ते हरभऱ्याला पाणी देतात. मेमध्ये विहीर आटते, उपसायला पाणी नसतं, आणि उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं ऊन त्या निळ्या काचांवर पडून नुसतं परत जातं. दिवसाला पंधरा-वीस युनिट वीज कुणी बनवतच नाही, कारण त्यांचा कंट्रोलर फक्त मोटर ओळखतो. सौरपंपांसाठीच्या कुसुम योजनेच्या नियमांत दुसऱ्या प्रकारच्या कंट्रोलरची सोय आहे, पंपाला काम नसेल तेव्हा कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, शीतगृह असलं काही त्यावर चालवता येतं. माझी फार इच्छा आहे की तो कंट्रोलर आमच्या मुलखातल्या सौरपंपांना मिळावा. शिवारात असे पंप दर वर्षी वाढताहेत. विहीर कोरडी पडते त्याच आठवड्यांत माणसं होरपळतात, आणि त्याच आठवड्यांत ते पॅनल रिकामे असतात. ही दोन टोकं जोडायला एक पेटी लागते.

ती येईल तेव्हा येईल. गाडी परत जायच्या आदल्या दिवशी मामा, मामेभाऊ आणि सालगडी शिडी लावून पत्र्याच्या खोलीचं माप घेत होते. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून तुराट्यांचं दुसरं छत बांधायचं, खालून शेणमातीने जाड लिंपायचं, पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवायची म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. पत्र्यावर चुन्याचे दोन हात. मावशीने खालून सांगितलं, उत्तरेला खिडकी पाडा, कूलर तिकडून लावला तर पाळणा दाराजवळ घेता येईल. मामेभावाने तीही जागा भिंतीवर कोळशाने आखली. तिसरं पॅनल आणि मोठी बॅटरी यांचा खर्च त्याने वहीत लिहून ठेवला होता, तो मामांपुढे धरला. मामांनी वही घेतली, वाचली आणि खिशात ठेवली. "ते दिवाळीनंतर बघू," ते म्हणाले. "आधी पत्रा."